शेवटच्या नळाचा मेजर

माणूस पाहायच्या आधी मी चार महिने त्यांचं अक्षर पाहत होते.

गावोगावचं पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी तेव्हा नोकरीला होते. दर महिन्याला प्रत्येक गावातला पाणी सोडणारा माणूस नमुन्याची बाटली बाहेरच्या खिडकीत ठेवून जायचा. बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी बांधलेली असायची. तिच्यावर गाव, ठिकाण आणि वेळ एवढं लिहिलं की काम भागत होतं, आणि बहुतेक जण तेवढंही लिहीत नसत. पण म्हसवडच्या अलीकडं एका फाट्यावरून आत गेलं की जे गाव लागतं, तिथली चिठ्ठी वाचायला मी हातातलं काम बाजूला ठेवायची. ‘स्थळ : शेवटचा नळ. वेळ : सहा वाजून दहा मिनिटे. नळाखाली कुत्रे झोपले होते, त्यास उठवले. तोटी जाळाने भाजून घेतली. नमुना घेणाऱ्यास सर्दी आहे, सबब तोंडास रुमाल बांधला होता.’

आणि एवढं सगळं करून नमुना नापास. एकदा नाही, चारही महिने.

शेजारच्या गावांत टाकीला झाकण नाही, आत कबुतरं अंडी घालतात, हे मला ठाऊक होतं. त्यांचे नमुने झकास पास व्हायचे. आणि हा माणूस कुत्र्याची नोंद करणारा, याचं पाणी दर महिन्याला नापास. मला हे कोडं झोपू देईना. माझी आई म्हणते, माझ्या नाकाला दुसऱ्याच्या चुलीचा वास आला की पाय आपोआप तिकडं वळतात. ती हे कौतुकानं म्हणत नाही.

पास होणाऱ्या गावांचं कोडं आधी सुटलं. एका दिवशी सात गावांच्या बाटल्या आल्या आणि सातही बाटल्यांतले क्षार अगदी दशांशापर्यंत सारखे निघाले. मी उठले, गेटसमोरच्या चहावाल्याकडं गेले आणि त्याच्या जारमधलं पाणी आणून तपासलं. तेही तेच. एका जारनं सात गावं पास केली होती. पाणी सोडणाऱ्यांवर मी फार चिडले नाही. गावाला वर्षातून दोनदा पाण्याचं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे चांगलं, आणि सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. लाल कार्ड घेऊन गावात परत जायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?

मग शेवटच्या नळाचं कोडं सोडवायला मी एसटीत बसले. मी राहायची वडूजला, पण मूळची मलकापूरची. आमच्याकडं उसाला पाणी इतकं की शेतात गेलेल्या माणसानं दोन्ही चपला घेऊन परत येणं हे कसब समजलं जातं. अशी मी, जिथं पाणी आलं हीच बातमी असते तिथं ते कसं आहे हे विचारणारी एक शहाणी.

येतेय असं कळवलं होतं, त्यामुळं चिठ्ठीवाले ते गृहस्थ फाट्यावरच उभे होते. पांढरा सदरा, करड्या मिशा, पायात पॉलिश केलेले बूट, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी काचेची नळी आणि लहानशी तपकिरी बाटली. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्या साताऱ्याकडं फौजेतून आला तो मेजर, मग तो तिथं भाकरी का भाजत असेना. यांनी तिथं उभा जन्म जवानांना पाणी पुरवण्यात काढला होता. गावी आल्यावर ग्रामपंचायतीनं पाणी सोडायचं काम विचारलं, तेव्हा घरचे म्हणाले होते, एवढी नोकरी करून आता नळवाला होणार का. त्यांना मात्र फक्त पोस्टिंग बदलल्यासारखं वाटलं होतं.

मी विचारलं की सगळी गावं टाकीजवळच्या नळाचं पाणी देतात, तुम्ही शेवटच्या नळाचं का देता. ते माझ्याकडं पाहतच राहिले. मी काही भलतंच विचारलं असावं.

“टाकीपाशी समद्यांचंच पाणी चांगलं असतंय, मॅडम. वाटंत त्येचं काय झालं, ते शेवटाला गेल्याबिगार कसं कळायचं?”

नापास अहवाल आला की त्यांना आनंद व्हायचा, हे मला तेव्हा समजलं. शेवटचा नळ नापास झाला की ते एकेक नळ मागं सरकत यायचे, कुठं पाणी बिघडतंय ते हुडकायचे आणि तिथं खणायचे. बहुतेक वेळा गटाराच्या कडेनं गेलेला पाइप फुटलेला निघायचा. चार महिन्यांत त्यांनी चार जागा बुजवल्या होत्या आणि पाचवी कुठं आहे याची त्यांना मोठी उत्सुकता होती. शेवटच्या नळावर नऊ-दहा घरांची वस्ती होती. तिथली एक म्हातारी मला म्हणाली की आता पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणजे पाणी चांगलंच असणार. मेजरनी तिला तिथंच थांबवलं. नाकाला कुणी पुरावा म्हणत नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. मग खिशातली नळी काढली, तीत नळाचं पाणी घेतलं आणि तपकिरी बाटलीतले थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पिवळं झालं म्हणजे जंतू मारणारं औषध पाण्यात अजून शिल्लक आहे. पांढरं राहिलं म्हणजे संपलं, ते पाणी पिऊ नये. एवढाच त्यांचा वेद होता, आणि तो ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

त्याच दिवशी त्यांच्या घरी माझी फजिती झाली. त्यांच्या पत्नीनं गूळ पुढं केला आणि पाणी आणायला आत वळली. तिला कशाला त्रास म्हणून मी स्वतःच उठले, हंड्यात तांब्या बुडवला आणि घटाघटा प्यायले. मेजर उठले, हंडा उचलला, दावणीला जाऊन म्हशीपुढच्या घमेल्यात रिकामा केला आणि हंडा घासायला बसले. दारातल्या नळाला पुन्हा पाणी येणार होतं दुसऱ्या दिवशी. मी शरमेनं अर्धी झाले. पाणी तपासायला पगार घेणारी बाई, आणि तिची बोटं नखांसकट हंड्यात गेली होती. त्यांच्या पत्नीनं भिंतीवरच्या खुंटीकडं बोट केलं. तिथं लांब दांड्याचं वगराळं टांगलेलं होतं. पाणी त्यानं काढायचं, हात हंड्याबाहेर. ती हसून म्हणाली, “आवं, नव्यानं लग्न हून आले तवा माझ्याबी हातचं धा हंडं म्हशीनंच प्यालं.”

हे वगराळं म्हणजे त्यांचं दुसरं वेड. गावात कुणाचंही लग्न असो, आहेर ठरलेला. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट. मेजरच्या वगराळ्यावर ना देणाऱ्याचं नाव ना घेणाऱ्याचं. दांड्यावर फक्त कोरलेलं असायचं, ‘हात बुडवू नये’. नवरानवरी मांडवात अक्षता झाडत असताना हे हातात पडायचं. पहिल्या पहिल्यांदा लोकांनी रागानं ती माळ्यावर टाकली. मी गेले तेव्हा मात्र घरोघरी खुंटीवर दिसत होती, आणि एका घरात तर दोन होती, सासूचं वेगळं आणि सुनेचं वेगळं, कारण त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं.

मेजर मुलाच्या सोयरिकीला गेले तेव्हाची गोष्ट त्यांची सूनच रंगवून सांगायची. मुलीकडच्यांनी पाहुण्यांना गूळपाणी दिलं. सगळ्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि मेजरनी खिशातून नळी काढली. पाणी पांढरं राहिलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि यजमानांना अगदी आदरानं विचारलं की गावात पाण्यात औषध कोण टाकतं. आता मुलीच्या बापाच्या ओसरीवर बसून त्याच्या पाण्याला नाव ठेवायचं म्हणजे बैठक मोडल्यातच जमा. मंडळींचे चेहरे उतरले. मुलाचा मामा पायात चपला घालायला लागला. तेवढ्यात आतून मुलीचा आवाज आला की औषध टाकणारा आठ दिवस झाले म्हैस हुडकायला गेलाय. ओसरी हसली, लग्न ठरलं. मेजर म्हणायचे, खरं बोलणारी पोरगी तिथंच पसंत पडली. सून म्हणायची, मला फक्त नळीतल्या पाण्याचं पुढं काय होतंय ते बघायचं होतं.

तर ती तपकिरी बाटली. तिच्यातलं तपासणीचं औषध संपलं की ते माझ्याकडून नवी न्यायचे. बाटली थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी असं तिच्यावर छापलेलं असतं. मेजर ती खिशात ठेवायचे, हृदयाच्या बाजूला, बारा महिने तेरा काळ. मी एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, रायफल कपाटात ठेवून पहारा होत नाही. मी हसले आणि सोडून दिलं.

गावच्या सरपंच बाई करारी होत्या. शेवटच्या वस्तीपर्यंत पाइप नेण्यासाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, हेही खरं. गावाला चार वर्षं हिरवं कार्ड मिळालं होतं आणि त्यांना पाचवं हवं होतं. कार्ड ठरताना नुसता नमुना बघत नाहीत, टाकी, पाइप, औषधाची नोंद असं सगळंच बघतात, म्हणून आजवर निभावलं होतं. पण नापासांची रांग अशीच लागली तर चंदेरी कार्ड हातचं जाणार. त्यांनी मेजरना सांगून पाहिलं की एक महिना टाकीपाशीचं पाणी द्या. मेजर दुसऱ्या दिवशी शेवटच्या नळाची बाटली घेऊन त्यांच्याच दारात गेले आणि म्हणाले, हे प्या, मग सांगा कुठलं देऊ. त्या दिवसापासून दोघांत कामापुरतं बोलणं राहिलं. नवा माणूस नेमायचा विषय बाईंनी एकदोनदा काढलाही होता. मेजरना ते माहीत होतं. मी एकदा विचारलं की काम गेलं तर काय कराल. त्यांनी खिशावर हात ठेवून बाटली आहे ना ते फक्त चाचपलं.

चैत्रात गावची जत्रा असते. घरटी पाच-दहा पाहुणे, पुण्या-मुंबईला गेलेली माणसं मुलाबाळांसकट आलेली. त्या सकाळचं मला नंतर कळलं ते असं. मेजरनी उजाडायच्या आत टाकीत औषध टाकलं, पाणी सोडलं आणि शेवटच्या नळाला जाऊन नळी भरली. पाणी पांढरं राहिलं. परत टाकीवर गेले, आणखी औषध टाकलं. पुन्हा पांढरं. त्यांनी हिशेब केला की एवढं औषध वाटेत गायब होतंय, म्हणजे पाइपात कुठंतरी मोठी घाण शिरते आहे. आणि त्यांनी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला.

जत्रेच्या दिवशी, भरल्या गावात. चुलीवर आधण नाही, मटण धुवायला पाणी नाही, न्हाणीत साबण लावून उभे राहिलेले जावई. लोक टाकीखाली जमले. शेवटच्या वस्तीतली ती म्हातारी सगळ्यात पुढं होती, कारण तिची लेक दोन वर्षांनी माहेरी आलेली. ती ओरडून सांगत होती की पाण्याला औषधाचा एवढा भपकारा येतोय, तुला वास कसा येत नाही. आणि मेजर टाकीच्या शिडीला पाठ लावून म्हणत होते, नाकाला कुणी पुरावा म्हणत नाही. सरपंच बाईंच्या घरी व्याही आले होते. बाईंनी व्हॉल्व्हची चावी मागितली. मेजरनी दिली नाही. आधी प्रयोगशाळेत जाऊन येतो, म्हणाले, तोवर शिव्या द्या, पण पाणी पिऊ नका. जत्रेतल्या गोळेवाल्याकडनं बर्फ घेऊन डब्यात भरला, त्यात नमुन्याच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि मोटारसायकलवरून दुपारी माझ्या दारात हजर झाले.

ते आत कधी येत नसत. बूट घालून प्रयोगशाळेत जायचं नाही आणि बूट काढून ऑनड्यूटी राहायचं नाही, म्हणून बाहेरच्या बाकावर बसायचे. मी बाटल्या आत नेल्या. सोबत त्यांची तपकिरी बाटलीही होती आणि तिला चिठ्ठी, ‘याच औषधाने तपासले. रंग आला नाही. दोनदा.’

एका बाटलीतलं पाणी मी जंतूंच्या तपासणीला लावलं. त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी येणार होता. दुसऱ्या बाटलीतलं पाणी नळीत घेतलं आणि माझ्या टेबलावरच्या तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं. पाण्यात जंतू मारणारं औषध होतं, नको तेवढं होतं. मग मी त्यांच्या बाटलीतले थेंब टाकून पाहिले. काही नाही. उन्हात तापलेल्या खिशात ते तपासणीचं औषध केव्हाच मरून गेलं होतं. मी बाटली फिरवून तारीख पाहिली. ती बाटली मी दिली त्या दिवशीच तिची मुदत टळलेली होती. घाईघाईत मी ती कपाटाच्या मागच्या रांगेतून काढून दिली होती. चिकटपट्टीवर गावाचं नाव माझ्याच अक्षरात होतं.

खरं सांगते, पहिल्यांदा वाटलं ते वाईट नव्हे, भीती वाटली. मी नुसतं बाहेर जाऊन, निकाल उद्या कळेल, एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. ते मान हलवून गेले असते, गाव उद्यापर्यंत कोरडं राहिलं असतं आणि बाटलीची गोष्ट कुणाला कळली नसती. खबरदारी घेतली म्हणून त्यांचं कामही वाचलं असतं. मी त्यांच्यासाठीच हे करतेय असंसुद्धा मला वाटायला लागलं. स्वतःला वाचवताना माणूस दुसऱ्याचं नाव पुढं करतोच. खिडकीतून त्यांचे बूट दिसत होते. धुळीनं माखलेले ते बूट मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी दोन्ही नळ्या घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्या हातात दिल्या. पिवळी नळी त्यांनी उन्हात धरून पाहिली, मग पांढरी, मग पुन्हा पिवळी.

“म्हंजे पाणी चांगलं हाय?”

मी हो म्हटलं. माणसाचा चेहरा पडेल, तो चिडेल, निदान डोक्याला हात लावेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. मेजर हसले. मनापासून, मिशीतून दात दिसेपर्यंत हसले. त्यांनी फोन काढला आणि बायकोला सांगितलं की चावी देव्हाऱ्यामागं आहे, ती सरपंच बाईंना दे, पाणी चांगलं आहे, लगेच सोडायला सांग. मग मी बाटलीचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी खिशावर हात ठेवला. खिसा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी जंतूंचा निकालही आला. पाणी निर्मळ होतं. पाचवी गळती नव्हतीच.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मेजर रोजचं पाणी कसं आहे ते लिहायचे. आठ दिवसांनी ग्रामसभेला मी गेले तेव्हा जत्रेच्या दिवशीचा मजकूर त्यांनी पुसू दिलेला नव्हता. ‘आज पाणी चांगले होते. बंद ठेवले ही चूक माझी.’ खाली सही. मी प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळं लिहून दिलं होतं आणि त्याबद्दल मला नोटीसही मिळाली होती. तेच पत्र मी सभेत वाचून दाखवलं. बाटली मुदत संपलेली होती, ती मी दिली, यात मेजरचा दोष नाही. सभेत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालंसुद्धा की मग मेजरना कशाला बोल लावायचा. मला हायसं वाटलं. तेवढ्यात मेजर उठले.

“बाटली मॅडमची असंल. खिसा माझा हुता.”

मग ते म्हणाले की म्हातारी वास येतोय म्हणत होती आणि आपण ऐकलं नाही. बाटलीपेक्षा ती चूक मोठी आहे. चुकीचा इशारा देणारा पहारेकरी बदलायचा असतो, असं सांगून त्यांनी परत हाती आलेली चावी टेबलावर ठेवली. सरपंच बाईंनी चावीकडं पाहिलं. बघता बघता त्यांचा राग कुठं गेला मला कळलं नाही, पण चावी त्यांनी घेतली. मागून म्हातारीनं विचारलं, “मग आमच्या नळाला आता कोण येणार?”

नवा माणूस आला. त्या गावाचे नमुने दर महिन्याला पास व्हायला लागले. चिठ्ठीवर ‘टाकीजवळ’ एवढंच असायचं. वर्षाअखेर गावाला चंदेरी कार्डही मिळालं.

जत्रेनंतर महिन्याभरानं मेजर बाकावर येऊन बसलेले दिसले. हातात पत्र्याचा लहान डबा होता, आतून काळं कापड लावलेला. नमुना आणलाय का, मी विचारलं. नाही म्हणाले, आता आपण गावाचे कोणी नाही. पण म्हातारीनं बोलावलंय, म्हणून सकाळचं शेवटच्या नळाला जातोय. बाटली पाहिजे.

मी कपाटातून नवी बाटली आणली. त्यांनी हात पुढं केला नाही.

“आधी तारीख वाचा.”

मी मोठ्यानं वाचली. मग त्यांनी बाटली घेतली, हात लांब करून डोळ्यांसमोर धरली आणि स्वतः मोठ्यानं वाचली. दोघांची जुळली. बाटली डब्यात गेली, डबा पिशवीत गेला आणि ते उठले. मी हात जोडले, तर त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

आता मी त्या प्रयोगशाळेत नाही, दुसरीकडं आहे. पण कुणालाही औषधाची बाटली दिली की मी तारीख मोठ्यानं वाचते आणि घेणाऱ्याकडूनही वाचून घेते. त्याशिवाय बाटली हातातून सोडत नाही. परवा एक नळवाला दुसऱ्या नवख्याला जिन्यात समजावत होता की बाई जरा विक्षिप्त आहे, वाद घालू नको, वाचून टाक.